गव्हर्नरसाहेबांचा मानाचा चौरंग

१ जानेवारी १९३४, सोमवार. सकाळी ७

नवं वर्ष, नवी डायरी. ही कोणी वाचायची नाही. मिल्ड्रेडनेसुद्धा नाही. (बायको असून ती वाचणारही नाही म्हणा. गेल्या वर्षीची मुद्दाम तिच्यासमोर उघडी ठेवली होती. तिने त्यावर चहाचा कप ठेवला.)

लंडनहून नववर्षाच्या सन्मानांची यादी तारेने आली. 'सर' झालेल्यांत माझं नाव नाही. तारेत काहीतरी गळलं असणार. ग्रिम्सवर्थ हे नाव यादीच्या मध्यावर येतं, आणि तारा नेहमी मध्येच तुटतात.

संकल्प. एक, जूनच्या यादीत 'सर' व्हायचं. दोन, त्यानंतर सिलोन. तिथल्या गव्हर्नरला डोंगरावर बंगला असतो. तीन, वजन. पांढऱ्या युनिफॉर्मची वरची तीन बटणं लागत नाहीत, कापड आटलं आहे. चार, इथली भाषा. रोज एक शब्द.

सव्वीस वर्षं आफ्रिकेत काढली. आधी कॅडेट, मग डिस्ट्रिक्ट कमिशनर, मग सेक्रेटरी, आणि गेली दोन वर्षं सेंट ॲन्स कोस्टचा गव्हर्नर. कॉलनी लहान आहे, मान्य. आमचं टपाल अधूनमधून वेस्ट इंडीजला जातं. पण गव्हर्नर तो गव्हर्नर.

वजनाचा संकल्प उद्यापासून. आज पुडिंग आहे.

९ जानेवारी

मोठी बातमी. मे महिन्यात लॉर्ड विथरिंग्टन पाहणीला येणार. वसाहतींचं खातं बघणाऱ्या कलोनियल ऑफिसातले वजनदार गृहस्थ. जूनच्या यादीत कोण असावं हे त्यांना विचारतात. म्हणजे मे महिन्यात मी जे दाखवीन त्यावर 'सर' आणि सिलोन दोन्ही अवलंबून.

काय दाखवायचं? फेन्विक, माझा सेक्रेटरी, म्हणाला हॉस्पिटलचं छप्पर दुरुस्त करू. मी म्हणालो, छप्पर कोण बघतं? तो म्हणाला, पेशंट बघतात, त्यांना दुसरं काम नसतं. फेन्विक हुशार आहे पण त्याला दूरचं दिसत नाही.

जेवणानंतर मला सुचलं. बाजार! आमच्या अबाक्रो गावचा मासळीबाजार समुद्रकाठी त्या भल्यामोठ्या झाडाखाली भरतो. बायका मन मानेल तिथे बसतात. ओळ नाही, नंबर नाही. त्याजागी पत्र्याचं छप्पर, काँक्रीटच्या भिंती आणि शहाण्णव नंबरी गाळे. नाव ग्रिम्सवर्थ मार्केट. नकाशा मीच काढला, तीन वाजेपर्यंत तयार.

मिस्टर इसिल्फी, आमचे हेडक्लार्क आणि दुभाषे, वीस वर्षं सेक्रेटरिएटमध्ये आहेत आणि कितीही उकडलं तरी कडक कॉलर काढत नाहीत. ते म्हणाले, साहेब, आधी बायकांना विचारलेलं बरं. मी म्हणालो, इंग्लंडात रेल्वे आणली तेव्हा घोड्यांना विचारलं होतं का? त्यांनी नकाशाची गुंडाळी केली. पटलं असावं.

मिल्ड्रेडला हे वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, लायोनेल, एकच कर, हे त्या बायकांसमोर म्हणू नकोस.

२० जानेवारी

भाषा. वीस दिवसांत तीन शब्द. एक मासा, एक धन्यवाद, तिसरा आत्ता आठवत नाही. गव्हर्नरने फार बोलू नये हेच खरं. पदाला शोभत नाही.

२ फेब्रुवारी

बायका हलणार नाहीत अशी कुजबुज आहे. त्यावर मला तोडगा सापडला, आणि तोही इसिल्फीच्या तोंडूनच.

इथे प्रत्येक मोठ्या मानकऱ्याचा एक चौरंग असतो, लाकडाचा, मधे खोलगट. जो चौरंगावर तो मानकरी. या किनाऱ्याचाही एक चौरंग आहे, आणि तो सहा वर्षं रिकामा आहे. त्यावर जो बसेल त्याने बाजार आणि होड्यांची जागा सांभाळायची. मी म्हणालो, मी बसतो. इसिल्फीने पेन खाली ठेवलं. म्हणाले, साहेब, ती शोभेची जागा नाही, ते काम आहे. मी म्हणालो, सव्वीस वर्षं दुसरं काय करतोय?

संध्याकाळी नाना अराबा मला बघायला आल्या. गावच्या राजमाता. ('नाना' हा इथला मानाचा किताब, बायकांनाही लावतात.) राजाच्या आईच असतात असं नाही, पण चौरंगावर कोण बसेल हे त्या ठरवतात. सत्तरी ओलांडलेली, काटक बाई. बोकड विकत घेताना बघावं तसं मला चहूबाजूंनी बघितलं. मग इसिल्फीला विचारलं, हा ऐकतो का? मी सांगितलं, उजवा कान उत्तम आहे, डावा जरा सर्दीत.

त्या खूप हसल्या. माझा प्रभाव पडला.

१७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

मी मानकरी झालो! नाना एको पहिला, हे माझं इथलं नाव.

काय तो सोहळा. रेशमी छत्री, ढोल, पायांत सोनेरी पत्रा मढवलेल्या वहाणा. या वहाणांचं फार महत्त्व. चौरंगावरच्या माणसाचा अनवाणी पाय चारचौघांत जमिनीला लागता कामा नये. दोघा वृद्धांनी मला दंडाला धरून तीनदा चौरंगावर टेकवलं आणि उचललं. (तिसऱ्या वेळी त्यांना घाम आला. वजनाचा संकल्प सोमवारपासून नक्की.)

मग एका म्हाताऱ्याने बरंच काही म्हणून दाखवलं. एकट्याच्या डोक्याने चालणारा नको. बोलणाऱ्याला अर्ध्यात तोडणारा नको. आम्हाला मूर्ख म्हणणारा नको. बोलावलं की पाठ फिरवणारा नको. असं अकरा कलमी. इसिल्फी एकेक भाषांतर करून सांगत होते. माझं लक्ष फोटोग्राफरकडे होतं, त्याची तिकाटी वाळूत खचत चालली होती. प्रत्येक कलमाला मी हो म्हटलं. फोटोत मी किंचित तिरका आलोय.

नाना अराबा आता मला पोरा म्हणतात. इसिल्फी म्हणाले, ज्याला बसवलं तो त्यांचा मुलगा. सर्वांसमोर त्याचा कान धरायचा हक्कही त्यांचाच. असू दे. म्हाताऱ्या माणसाला तेवढाच विरंगुळा.

लंडनला तार केली, रयतेने आपणहून गव्हर्नरला सिंहासन दिलं. फेन्विक म्हणाला, 'आपणहून' हा शब्द गाळू या. मी तो दोनदा घातला.

२० फेब्रुवारी, मंगळवार

मंगळवारी इथे एकही होडी पाण्यात जात नाही, समुद्राची सुट्टी. बायका मोकळ्या असतात. मग किनाऱ्याच्या मानकऱ्याने झाडाखाली बसून त्यांच्या तक्रारी ऐकायच्या. दर मंगळवारी. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. (इसिल्फी म्हणतात सांगितलं होतं, कलम सात.)

आठ ते एक बसलो. तक्रारी अशा. एकीच्या बोकडाने दुसरीचं जाळं खाल्लं. एकीची टोपली तिची जाऊ वापरते. सगळ्यांची मिळून एक, गव्हर्नमेंट हाउसचं गटार थेट किनाऱ्यावर सोडलंय आणि वास मारतं. या शेवटच्या तक्रारीत तथ्य वाटलं नाही, आमच्याकडे वर वास येत नाही.

बोकडाचा निकाल मात्र ताबडतोब दिला. बोकड उद्यापासून बांधून ठेवावा. बायका हसून हसून आडव्या. इसिल्फीने सांगितलं, बोकड मरून दोन वर्षं झाली, त्यांना फक्त बोलायचं होतं. म्हणजे निकाल अमलात आलाच आहे.

२७ फेब्रुवारी

लॉर्डसाहेबांसाठी कागद तयार करायचे होते. मंगळवारी फेन्विकला पाठवलं. बायकांनी त्याला विचारलं म्हणे, तू कुणाचा?

६ मार्च

फेन्विकला ताप. त्याला मंगळवारीच ताप येतो हे माझ्या ध्यानात आलं आहे.

पण अडचणीतच माणसाची बुद्धी चालते. राजाचं प्रतीक कोण? गव्हर्नर. गव्हर्नरचं प्रतीक काय? त्याची टोपी, हंसाची पिसं लावलेली पांढरी टोपी. मी टोपी पाठवली. खुर्चीवर ठेवून, वर छत्री धरून, सोबत दोन शिपाई.

इसिल्फीचा रिपोर्ट. बावीस तक्रारी मांडल्या गेल्या. टोपीने सर्व ऐकल्या, एकदाही मध्ये बोलली नाही. नाना अराबा म्हणाल्या, डोक्यापेक्षा टोपीला जास्त कळतं.

हे वाचून मिल्ड्रेडला असा ठसका लागला की चहा नाकातून आला. मला यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. शासनसंस्थेवरचा विश्वास आहे हा. टोपी कायम करतो.

१९ मार्च, सोमवार

नाना अराबा चार वडीलधाऱ्यांना घेऊन गव्हर्नमेंट हाउसवर आल्या. बसा म्हटलं, बसल्या नाहीत. म्हणाल्या, पोरा, मंगळवार चुकवतोयस. तुझं टोपडं येतं, तू येत नाहीस. आणि माझ्या किनाऱ्यावर त्या भिंती कुणाला विचारून उभ्या करतोस? कुणाशी बोललास? झाडाशी तरी बोललास का?

इसिल्फी हलक्या आवाजात म्हणाले, साहेब, हे पहिलं सांगणं. असं तीनदा सांगतात.

किती छान पद्धत. आपल्याकडे एकदा भेटायला येतात आणि विसरतात. मी त्यांना माझा सही केलेला फोटो दिला, तिरका तो. त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला.

२८ मार्च

मार्केटच्या भिंती पूर्ण. इंजिनिअरला काहीच कळत नाही. म्हणतो, सगळ्या खिडक्या जमिनीच्या बाजूला आहेत, समुद्राचा वारा आत यायचा कुठून? मी सांगितलं, वाऱ्याने नंबरांच्या पाट्या हलतात. (नकाशा मी ज्या पुस्तकातून घेतला ते स्कॉटलंडातल्या इमारतींचं आहे हे त्याला सांगितलं नाही. त्याला न्यूनगंड यायचा.)

इसिल्फीने निरोप आणला. नाना अराबा विचारतात, भर उन्हात पत्र्याच्या बंद डब्यात मासे ठेवून बघितलेत का कधी? मी म्हणालो, आम्ही शंभर वर्षं ठेवतोय. त्याला सार्डिन म्हणतात.

अशी उत्तरं मला जागच्या जागी सुचतात. विथरिंग्टन यांच्यासमोर हे एकदा सहज सांगावं.

१० एप्रिल, मंगळवार

टोपी खाली गेली होती. तेवढ्यात नाना अराबा वर आल्या. दुसरी भेट! बरोबर दहा-बारा माणसं. मी स्वतः त्यांना नकाशा दाखवला आणि एक नंबरचा गाळा देऊ केला, दरवाज्याजवळचा. त्या म्हणाल्या, पोरा, एक नंबरवर बसून मी करू काय? दोन नंबरला माझी बहीण, मधे तुझी भिंत. भिंतीशी बोलू? चाळीस वर्षं आम्ही एकमेकींची टोपली राखतो, एकमेकींची पोरं राखतो. तुझ्या खोक्यात बसून कोण कुणाचं राखणार? मग आवाज खाली आणून म्हणाल्या, अजून वेळ आहे. खाली ये, बस, ऐक. आम्ही काही वाघ नाही.

मी घड्याळ बघितलं. सव्वाअकराला शिंपी येणार होता.

दुपारी गॅझेटात हुकूम छापला. एक मेपासून झाडाखाली मासे विकण्यास मनाई.

१ मे

हुकमाचा पहिला दिवस, पूर्ण यश. झाडाखाली एकही बाई नाही.

मार्केटमध्येही नाही.

२ मे

बायका आपापल्या अंगणात विकतात. सर्वांना विकतात, फक्त गव्हर्नमेंट हाउस आणि सेक्रेटरिएट सोडून. मासे नाहीत. मक्याचे ते पानात बांधलेले आंबूस गोळे, केंके, तेही नाहीत. आमचे कारकून दुपारी त्यावरच जगतात. चार वाजता टाइपरायटरचा आवाज बंद पडला. बघितलं तर तिघे टेबलावर डोकं ठेवून.

रात्रीच्या जेवणाला विलायती डब्यातला सामन मासा. फारच छान. ताज्या माशाला ही चव नाही.

५ मे

सामन.

८ मे

सामन. युनिफॉर्मचं एक बटण लागलं. तिसरा संकल्प पूर्ण होण्याच्या मार्गावर, निव्वळ इच्छाशक्तीच्या बळावर.

फेन्विकच्या अंगाला तळलेल्या माशाचा वास येत होता. विचारलं तर म्हणाला, नवा साबण आहे. मिल्ड्रेड रोज सकाळी 'फिरायला' जाते आणि येते तेव्हा बाहीवर पामतेलाचा डाग. म्हणाली, नाना अराबाच्या अंगणात बसते, तिच्या सुनेचं बाळ वजनात मागे आहे, बघून येते. आणि म्हणाली, लायोनेल, त्या बायका तुझ्यावर रागावलेल्या नाहीत अजून, वाट बघतायत. एकदा जा.

गेलो असतो. पण लॉर्डसाहेब सोळा दिवसांवर आले आहेत, आणि आत्ता गेलो तर माघार दिसेल. चोवीस तारखेनंतर नक्की जाईन. वाटलं तर पंचवीसला.

११ मे

तिसरी भेट. या वेळी सगळं गाव फाटकाशी. नाना अराबा म्हणाल्या, पोरा, तिसऱ्यांदा आलेय. चौथ्यांदा येणार नाही. एवढंच बोलून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी असल्यासारखं वाटलं, पण बाहेर धूळ होती.

मिल्ड्रेडला म्हणालो, बघ, म्हातारी थकली. मी जिंकलो.

१४ मे

इसिल्फीने लेखी टिपण पाठवलं, दोन पानी, लाल फितीत. विषय, 'लॉर्डसाहेबांच्या उपस्थितीत गावचे वडीलधारे मा. गव्हर्नरांच्या संदर्भात करू इच्छितात त्या विधीबाबत.'

विधी! पुढे वाचायची गरजच पडली नाही. मी समासात लिहिलं, पाहिलं, उत्तम, बँड बोलवा.

आता कळलं तीन भेटी कशासाठी होत्या. आपल्याकडेही मोठा मान द्यायच्या आधी खलबतं होतातच.

२४ मे, गुरुवार. एम्पायर डे. संध्याकाळी

कुठून सुरुवात करू. 

आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. लॉर्ड विथरिंग्टन सकाळी उतरले. उंच, शांत, सतत वहीत लिहिणारे. त्यांनी मार्केटची फीत कापली. आत आम्ही जेमतेम चार मिनिटं थांबलो, पत्रा तापला होता. लॉर्डसाहेबांनी कॉलर सैल केली आणि विचारलं, इथे कोण बसतं? मी म्हणालो, लवकरच सगळे.

तेवढ्यात ढोल वाजले. गावच्या गाव लोटला. पुढे नाना अराबा, लाल-काळं नेसून. माझा चौरंग आणला, मला त्यावर बसवलं. युनिफॉर्मची तिन्ही बटणं लागली होती. मग एका म्हाताऱ्याने बरंच काही म्हणून दाखवलं, फेब्रुवारीसारखंच, पण सूर जास्त चढा. दर वाक्याला लोक एकसुरात साद देत होते. बहुधा माझ्या कामांची यादी. टोपीचाही उल्लेख झाला, कारण सगळे तिच्याकडे बोट दाखवत होते.

मग दोघे पुढे आले, गुडघे टेकले आणि माझ्या पायांतल्या सोनेरी वहाणा काढल्या. स्वतःच्या हातांनी! आणि माझे पाय हळूच वाळूवर ठेवले. वाळू भाजत होती, पण मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. नंतर मला उचलून तीनदा टेकवलं. पहिल्या वेळी चौरंगावर टेकवलं होतं, या वेळी थेट जमिनीवर, आणि चांगलं जोरात. म्हणजे वरची पायरी असणार. मातीशी नातं वगैरे. शेवटी चौरंग आडवा केला, कापडात गुंडाळला आणि घेऊन गेले, देवळात ठेवायला वगैरे असेल. बायकांनी असा काही आवाज काढला की बँडवाले वाजवायचे थांबले.

मी उभा राहिलो, अनवाणी, आणि दोन्ही हात उंचावून त्यांना अभिवादन केलं. एकदम शांतता पसरली. भारावले होते सगळे.

फेन्विक पांढराफटक. मत्सर, दुसरं काय. मिल्ड्रेडने रुमालात तोंड लपवलं होतं, खांदे हलत होते. वीस वर्षांच्या संसारात तिला इतकं भरून आलेलं मी पाहिलं नाही. लॉर्डसाहेब इसिल्फींना बाजूला घेऊन पाऊण तास प्रश्न विचारत होते. सहा पानं लिहिली! जेवताना मला विचारलं, कसं वाटतंय? मी म्हणालो, नम्र.

सिलोनला जाड कोट लागतील का हे बघायला हवं. डोंगरावर गारवा असतो.

२५ मे

लॉर्डसाहेब बोटीवर चढताना म्हणाले, मिस्टर ग्रिम्सवर्थ, मी पस्तीस वर्षं वसाहती बघतोय, असं कुठे पाहिलं नाही. मग हात बराच वेळ हातात धरून ठेवला. आजारी माणसाचा धरतात तसा, पण ती त्यांची पद्धत असावी.

वहाणा परत आल्या नाहीत. विचारायला हवं.

२९ मे, मंगळवार

ठरवल्याप्रमाणे आज स्वतः झाडाखाली जायचं होतं. चार दिवस उशीर झाला, पण मान मिळाल्यावर लगेच जाणं उतावळेपणाचं दिसलं असतं. आठ वाजता तयार होऊन बसलो, न्यायला कोणी आलंच नाही. दर मंगळवारी छत्रीवाले येतात. इसिल्फी म्हणाले, आता यायची गरज नाही, साहेब. मी म्हणालो, अस्सं, म्हणजे वरच्या पायरीला मंगळवार माफ. ते काहीतरी बोलणार होते, पण मी खुशीत होतो, बोलू दिलं नाही.

४ जून, सोमवार

राजेसाहेबांच्या वाढदिवसाची यादी. ग्रिम्सवर्थ नाही. परत एकदा तारेचा घोळ. तारखात्यातल्या माणसाला तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, साहेब, मधली नावं सगळी आलीत, तुमच्या आधीचंही आलंय आणि नंतरचंही.

लंडनच्या चुकीला तो तरी काय करणार.

१२ जून, मंगळवार

पत्र आलं.

चार ओळींचं असेल असं वाटलं होतं, दीड पान आहे. लॉर्ड विथरिंग्टन यांचा अहवाल पाहता, रयतेने आपल्या रीतीप्रमाणे आणि खुद्द राजप्रतिनिधीच्या लेखी अनुमतीने ज्याला पदावरून विधिपूर्वक उतरवलं, तो त्याच रयतेवर राजाचा प्रतिनिधी म्हणून राहणं सरकारला अवघड वाटतं. प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती. सोळा तारखेची बोट. हंगामी गव्हर्नर म्हणून मिस्टर फेन्विक.

माझी प्रकृती उत्तम आहे.

पत्र चारदा वाचलं. 'उतरवलं' हा शब्द तिथेच आहे.

१३ जून

इसिल्फींना बोलावलं. म्हणालो, हा उतरवण्याचा विधी होता? म्हणाले, हो साहेब. वहाणा काढल्या, पाय जमिनीला लागला, माणूस चौरंगावरून गेला. तीनदा जमिनीवर आपटतात ते त्यासाठी. मी म्हणालो, मला सांगितलं का नाही? त्यांनी फाइल उघडली. चौदा मेचं टिपण. सगळं होतं, दोन्ही पानांवर, क्रमाने, आणि शेवटी विनंती होती की साहेबांनी एकदा झाडाखाली येऊन बसावं, एवढ्यावर सगळं मिटेल. समासात माझ्या अक्षरात, पाहिलं, उत्तम, बँड बोलवा.

मी म्हणालो, त्यांना माझा एवढा राग होता? इसिल्फींनी फाइल मिटली. म्हणाले, साहेब, आजवर सात गव्हर्नर आले आणि गेले. आम्ही कुणालाच उतरवलं नाही, कारण कुणाला बसवलंच नव्हतं. ते लंडनचे होते, लंडनने आणले, लंडनने नेले. तुम्हाला आम्ही बसवलं होतं. त्या रात्री नाना अराबा जेवल्या नाहीत.

ते गेले. फार वाईट वाटलं. 'सर'बद्दल नाही, म्हणजे त्याबद्दलही, पण ते नंतर.

१४ जून

फेन्विकने पहिल्या तासात गॅझेटातला हुकूम रद्द केला. दुपारी सेक्रेटरिएटमध्ये सर्वांना केंके आणि तळलेले मासे. टाइपरायटरचा आवाज इथवर ऐकू येत होता.

मिल्ड्रेड सामान बांधते आहे.  एकदा जवळ येऊन कॉलर नीट केली.

१५ जून, शुक्रवार

उद्या बोट. मिल्ड्रेड म्हणाली, जाण्याआधी इथला ताजा मासा एकदा खाऊ. मी म्हणालो, मीच आणतो.

टोपी घातली नाही. इसिल्फींची आज रजा, तरी ते सोबत आले. झाडाखाली बाजार पूर्वीसारखाच, ओळ नाही, नंबर नाही, आणि कुणाला काही अडचणही दिसत नव्हती. सावलीत वारा छान होता. हे इतकं गार आहे हे मला ठाऊक नव्हतं, मी फेब्रुवारीत पाच तास इथेच बसलो होतो आणि घामाची तक्रार करत होतो.

नाना अराबा आपल्या बहिणीशेजारी बसल्या होत्या. मी तयारी करून गेलो होतो. त्या बोलतील तेवढं ऐकून घ्यायचं, पोरा, उशीर केलास, पोरा, टोपडं कुठंय, जे म्हणतील ते. मध्ये बोलायचं नाही. आख्ख्या वाटेत मी तेच घोकत होतो.

मला बघून त्या उठून उभ्या राहिल्या. कधी उठत नसत. हात जोडल्यासारखे केले, हसल्या, अगदी अदबीने, आणि इसिल्फींमार्फत विचारलं, पाहुणे, काय देऊ आपल्याला?

मी म्हणालो, नाना, मी आहे. एको. त्यांनी मान हलवली, ऐकलं, आणि तशाच हसत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

इथे लिहिणार होतो की हाही एक मानच आहे. नाही लिहिता येत.

माझ्या आधी सात-आठ बायका थांबल्या होत्या. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. राहायचं होतं मला तिथे, कितीही वेळ लागला तरी. पण नाना अराबांनी त्या बायकांना हाताने बाजूला केलं आणि म्हणाल्या, पाहुण्यांना आधी द्या गं. त्यांना बोट गाठायचीय.